इन्स्टॉलर निवडताना आधी अनइन्स्टॉलर बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत मोफत आणि ओपन सोर्स गेम्सवर एक लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण त्यातल्या दोन वाक्यांवर मी अडखळलो आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हे पत्र. पहिलं वाक्य असं की गेम एकदा तयार झाला की त्याचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम कॉम्प्युटरवर बसवून देणारा प्रोग्राम, बनवणं हे एका क्लिकचं काम आहे. दुसरं असं की असे गेम टाकताना विंडोजने इशारा दिला तर घाबरू नका, अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा आणि पुढे जा. पहिलं वाचून हसू आलं, दुसरं वाचून नाही आलं.

आम्ही चौघंजण मिळून फावल्या वेळात एक गेम बनवतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालणारा, सोर्स कोड सगळ्यांना खुला. एकजण ग्राफिक्स बघतो, दोघं कोड लिहितात आणि पॅकेजिंग माझ्या गळ्यात पडलंय, कारण ज्या दिवशी कामं वाटली त्या दिवशी मी उशिरा आलो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, ते शेपूट म्हणजे हे काम. गेम चालतोय, आवाज येतोय, नेटवर्कवर दोघं खेळतायत, आणि मग कुणीतरी विचारतं की आता लोकांना द्यायचा कसा, आणि तिथून पुढे जे काही सुरू होतं ते तुमच्या त्या एका क्लिकमध्ये बसत नाही हो.

सुरुवातीला आम्ही काहीच निवडलं नव्हतं, नुसती झिप. मला अजूनही झिप आवडते, खोटं कशाला बोला. झोनॉटिकसारखा मोठा गेमसुद्धा झिप म्हणूनच मिळतो, उघडा आणि खेळा, विंडोजच्या रजिस्ट्रीला, म्हणजे सेटिंग्जच्या वहीला, हात नाही, काढायचा तर फोल्डर उडवा. पण आमच्याकडे पहिल्याच रिलीजला तक्रारी आल्या की गेम उघडतो आणि लगेच बंद होतो. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की लोक झिप एक्स्ट्रॅक्टच करत नाहीत, झिपच्या आतल्या एक्झीवर (गेम सुरू करणाऱ्या फाइलीवर) सरळ डबल क्लिक करतात, विंडोज बिचारं तेवढी एकच फाइल टेम्प फोल्डरमध्ये काढून चालवतं आणि आमचा चित्रांचा-आवाजाचा डेटा मागे झिपमध्येच राहतो, मग गेम काय दाखवणार, कपाळ? दुसरी तक्रार अशी की व्हीसीरनटाइम१४० नावाची डीएलएल, म्हणजे गेमला लागणारी मदतनीस फाइल, सापडत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर, म्हणजे कोडचा प्रोग्राम करणाऱ्या टूलबरोबर, येते, आमच्या चौघांच्या मशीनवर अर्थातच होती, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नाही. आणि तिसरी गंमत, लिनक्सवाल्यांसाठीची झिप एकाने विंडोजवर बसून बनवली होती, त्यामुळे फाइल चालवण्याची परवानगी देणारा जो बिट असतो तो रस्त्यातच गळाला आणि लिनक्सवर गेम म्हणजे नुसती एक मुकी फाइल. त्यानंतर लिनक्सला टार (त्या परवानग्या जपणारं गाठोडं) दिलं, झिप नाही.

मग ठरलं की इन्स्टॉलर बनवायचा. आणि इथे प्रत्येकजण एकदा तरी पडतो असा खड्डा आहे, तो म्हणजे सगळीकडे चालेल असं एकच टूल शोधायचं. गेम क्रॉस प्लॅटफॉर्म आहे ना, मग इन्स्टॉलरही तसाच हवा, वाटतं तर बरोबर. अशी टूल्स आहेतही. इझपॅक आहे, जावावर चालतं, म्हणजे आमच्या सी प्लस प्लसच्या गेमसाठी आधी खेळणाऱ्याकडे जावा हवं, म्हणजे आंधळ्याला लंगड्याचा आधार. इन्स्टॉलबिल्डर आहे, क्यूटीवाल्यांचं इन्स्टॉलर फ्रेमवर्क आहे, ते चांगलं आहे, नंतर अपडेट करणारं मेंटेनन्स टूलसुद्धा बरोबर येतं. मी आठवडाभर ते वापरून बघितलं. तिन्हीकडे अगदी सारखी दिसणारी सुंदर विंडो आली, आणि तिन्हीकडच्या लोकांना ती परकी वाटली. मॅकवाल्याला नेक्स्ट-नेक्स्ट करायची सवयच नाही, त्याला आयकॉन उचलून ॲप्लिकेशन्समध्ये टाकायचा असतो. लिनक्सवाल्याला एक अनोळखी बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) रूटची, म्हणजे सगळ्या सिस्टिमची, परवानगी मागतेय म्हटल्यावर तो ती डिलीटच करतो, आणि योग्यच करतो. मग मी हा एकाच मापाचा सदरा सगळ्यांना घालायचा नाद सोडला. गेम एक असू दे, देण्याच्या पद्धती तीन असल्या तरी चालतात.

आता विंडोजचं बोलू, कारण आमचे सगळ्यात जास्त खेळणारे तिथेच आहेत आणि माझी सगळ्यात मोठी चूकही तिथेच झाली. ओपन सोर्स गेमवाल्यांसमोर इन्स्टॉलर बनवायला खरं म्हणजे दोनच टूल्सची नावं असतात, एनएसआयएस आणि इनो सेटअप. एनएसआयएस हे विनॅम्प हा गाणी वाजवणारा प्रोग्राम बनवणाऱ्या नलसॉफ्टचं अपत्य, नावातला एन त्यांचाच. इनो सेटअप जॉर्डन रसेल यांचं, १९९७ पासून चालू आहे. बॅटल फॉर वेसनॉथ, फ्रीसिव्ह, ओपनटीटीडी, झीरो एडी यांचे विंडोजचे इन्स्टॉलर एनएसआयएसचे, म्हणून आम्हीही डोळे झाकून तेच घेतलं. मोठं कारण असं की एनएसआयएसचा कंपायलर लिनक्सवरही चालतो आणि आमचा बिल्ड सर्व्हर (कोडपासून गेम तयार करणारा कॉम्प्युटर) लिनक्सचा आहे, म्हणजे विंडोजचा इन्स्टॉलर विंडोज नसतानाही तयार होतो. इनोसाठी लिनक्सवर वाइन (विंडोजचे प्रोग्राम चालवून देणारं टूल) टाकून त्यातून चालवावं लागतं, चालतं तसं, पण आणखी एक गोष्ट सांभाळायची.

एनएसआयएसमध्ये तुम्ही स्क्रिप्ट लिहिता, आणि ती स्क्रिप्ट जे सांगेल तेच होतं, ना कमी ना जास्त. इन्स्टॉलचा भाग तुम्ही लिहायचा आणि अनइन्स्टॉलचा भागही तुम्हीच लिहायचा, त्याला आपोआप काही माहीत नसतं की आपण काय-काय टाकलं होतं. आता गेममध्ये फाइली असतात दोन-तीन हजार, प्रत्येक फाइल काढायची ओळ कोण लिहिणार. इंटरनेटवर सापडलेल्या नमुन्यात एक ओळ होती, आरएमडिर स्लॅश आर आणि पुढे इन्स्टॉल डिरेक्टरी, म्हणजे जिथे गेम टाकला तो अख्खा फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडवा. एका ओळीत काम झालं. मी ती टाकली आणि स्वतःची पाठ थोपटली.

पुढे काय झालं ते ऐका. आमचा एक टेस्टर आहे, शिस्तीचा माणूस, त्याने डी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर केलेला, त्यात त्याचे सगळे गेम. आमचा इन्स्टॉलर आला तेव्हा फोल्डर निवडायच्या पानावर त्याने ब्राउझचं बटण नाही दाबलं, चौकटीत हाताने पाथ टाइप केला, डी कोलन बॅकस्लॅश गेम्स. इथे एक बारीक गोष्ट आहे. ब्राउझमधून फोल्डर निवडला तर एनएसआयएस गेमचं नाव मागे स्वतः जोडतं, म्हणजे गेम्सच्या आत आमच्या नावाचा वेगळा फोल्डर होतो, पण हाताने टाइप केलं तर नाही जोडत, तुम्ही लिहिलं तेच धरतं. म्हणजे आमचा गेम त्याच्या बाकीच्या गेम्सच्या मांडीला मांडी लावून बसला. महिनाभर काही झालं नाही. मग आम्ही नवं व्हर्जन काढलं, नव्या इन्स्टॉलरने शहाण्यासारखं आधीचं व्हर्जन आधी काढून टाकायचं ठरवलेलं, त्याने जुना अनइन्स्टॉलर गुपचूप चालवला, आणि त्या एका ओळीने डी ड्राइव्हवरचा गेम्स फोल्डर साफ केला. बाकीचे गेम, त्यांचे सेव्ह, सगळं. रिसायकल बिनमध्येही काही नाही, कारण ही कमांड तिथे काही टाकतच नाही. त्याने अनइन्स्टॉल केलंच नव्हतं हो, अपडेट केलं होतं.

त्याने मला फोन केला तेव्हा तो ओरडला नाही, फक्त विचारलं, अरे तुमच्या गेमला बाकीचे गेम आवडत नाहीत का. मला अजून ते वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात. आणि लाज जास्त याची वाटली की एनएसआयएसच्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत या ओळीबद्दल सावधान म्हणून लिहून ठेवलेलं आहे. मी ते पान उघडलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इन्स्टॉलरचं टूल निवडताना ते गेम टाकतं कसं हे बघूच नका, टाकायला सगळ्यांना येतं. ते गेम काढतं कसं ते बघा. इनो सेटअप इथे सरस आहे, ते टाकलेल्या प्रत्येक फाइलची नोंद स्वतः एका लॉगमध्ये ठेवतं आणि काढताना त्या नोंदीप्रमाणेच काढतं, शेजारच्याला हात लावत नाही, तुम्ही मुद्दाम सांगितलं तरच. नवीन माणसाला मी आज डोळे झाकून इनोच सांगेन. आम्ही स्वतः मात्र एनएसआयएसवरच राहिलो, पण स्क्रिप्ट हाताने लिहिणं सोडलं, ते काम सीपॅककडे दिलं. सीमेक या बिल्ड करायच्या टूलबरोबरच येतं ते, बिल्डमध्ये कुठल्या फाइली आहेत हे त्याला ठाऊकच असतं, त्यामुळे काढायच्या फाइलींची यादी एकेक करून तेच लिहितं. फोल्डर रिकामा झाला असेल तरच जातो, नाहीतर राहतो. राहू दे की. कुणाच्या डिस्कवर एखादा फोल्डर राहिला म्हणून आजवर कुणी फोन केलेला नाही.

एनएसआयएसचं आणखी एक लक्षात ठेवा, नेहमीच्या बिल्डमध्ये इन्स्टॉलर २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. आमचा गेम त्याच्या जवळपासही नाही, पण भारी टेक्स्चरवाला गेम असेल तर आधीच हिशोब करा. आणि आवृत्ती ३ च्या खाली जाऊ नका, जुन्यात युनिकोड (सगळ्या लिपींची अक्षरं दाखवणारी पद्धत) नव्हतं आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये युनिकोडशिवाय दुसरी वाटच नाही, म्हणजे इन्स्टॉलरमध्ये मराठी लिहिलं की स्क्रीनवर प्रश्नचिन्हांची रांग. ३.० आलं २०१६ मध्ये, तेव्हा कुठे हे मिटलं.

विक्सबद्दल लोक विचारतात. विक्स म्हणजे मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये खुलं केलेलं टूल, एक्सएमएल लिहायचं आणि त्यातून एमएसआय, म्हणजे विंडोजचं इन्स्टॉल पॅकेज, बनवायचं. ऑफिसातल्या शेकडो मशीनवर एकदम सॉफ्टवेअर ढकलायचं असेल तर एमएसआयला तोड नाही. ऑफिसातल्या शेकडो मशीनवर आमचा गेम ढकलणारा ॲडमिन मला अजून भेटायचाय.

ॲडमिनवरून आठवलं. गेम टाकायला ॲडमिनचा पासवर्ड कशाला लागतो? बहुतेक वेळा लागत नाही, सवयीने मागितला जातो. एनएसआयएस आणि इनो दोघांतही एक-दोन ओळींत सांगता येतं की बाबा, साध्या युजरच्या परवानगीवरच चाल आणि त्याच्याच फोल्डरमध्ये टाक. जो लॅपटॉप आपला नाही त्यावर खेळणाऱ्या पोरांना त्याची किंमत कळते. इथे एक मजेशीर भूत आहे, जुन्या पद्धतीच्या ३२ बिट एक्झीमध्ये स्वतःबद्दलची माहिती देणारं मॅनिफेस्ट नसेल आणि फाइलच्या नावात सेटअप, इन्स्टॉल किंवा अपडेट यातलं काही असेल तर विंडोज स्वतःच ठरवतं की हा इन्स्टॉलर आहे आणि ॲडमिन मागतं. आमच्या गेममध्ये मॅप अपडेट करणारी छोटी एक्झी होती, नावात अपडेट. चालवली की पासवर्ड मागायची. दोन संध्याकाळी कोडमध्ये शोधत बसलो की आपण परवानगी मागतोय कुठे. नाव बदललं, मागणं बंद. नंतर नीट मॅनिफेस्टही घातलं म्हणा.

आणि एक छोटी चीड. इन्स्टॉलरमध्ये जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचं ते लांबलचक पान दाखवून मला मान्य आहे वर टिक करायला लावतात, टिक नाही तर नेक्स्ट नाही. जीपीएलमध्येच लिहिलंय की प्रोग्राम नुसता चालवायला हे लायसन्स स्वीकारायची गरज नाही, ते वाटण्यासाठी-बदलण्यासाठी आहे. तरी टूलमध्ये ते पान तयार असतं म्हणून सगळे टाकतात. आम्ही काढून टाकलं. दाखवायचं तर दाखवा, पण टिक कशाला.

आता तुमच्या लेखातलं ते दुसरं वाक्य. विंडोजचा निळा पडदा येतो, आम्ही तुमचा पीसी वाचवला वगैरे, तो स्मार्टस्क्रीन. तो व्हायरस सापडला असं म्हणत नसतो, तो म्हणतो ही फाइल मला ओळखीची नाही. छोट्या गेमचा प्रत्येक नवा रिलीज अनोळखीच असतो. फाइलवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असेल तर ओळख हळूहळू जमते, पण सहीचं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं आणि जून २०२३ पासून त्याची गुप्त किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रात ठेवणं सक्तीचं झालंय, म्हणजे फुकट गेम बनवणाऱ्यांना खर्च आणि शिवाय बिल्ड सर्व्हरला ते टोकन जोडायचं कसं हा वेगळाच घोळ. साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्स प्रोजेक्टना मोफत सही करून देतं, अटी आहेत, त्यांच्यासमोर सोर्सपासून बिल्ड झालेला दाखवावा लागतो, आणि मला वाटतं ती अटच खरी चांगली आहे. अँटीव्हायरसचं प्रकरण निराळं. एनएसआयएस फुकट आणि छोटं असल्यामुळे व्हायरस लिहिणारेही तेच वापरतात, त्यामुळे कधीकधी सुक्याबरोबर ओलंही जळतं आणि चांगल्या गेमवर शिक्का बसतो. एक्झी लहान करायला यूपीएक्स या फाइल आवळणाऱ्या टूलने दाबली तर संशय अजूनच वाढतो, आम्ही ते सोडलं. अशा वेळी बनवणाऱ्याने अँटीव्हायरस कंपनीकडे चुकीचा शिक्का म्हणून फाइल पाठवायची असते, आणि खेळणाऱ्याने डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६, म्हणजे फाइलचा ठसा असलेला आकडा, गेमच्या मूळ पानावरच्या आकड्याशी जुळतो का बघायचा. कारण मधल्या मधे कुणी काय गुंडाळून देईल सांगता येत नाही. २०१३ मध्ये सोर्सफोर्जसारख्या नावाजलेल्या जागेने इन्स्टॉलरमध्ये जाहिरातीची सॉफ्टवेअर्स घालायची योजना काढली होती, २०१५ मध्ये गिंप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरच्या विंडोज इन्स्टॉलरवरून मोठा गदारोळ झाला, शेवटी २०१६ मध्ये मालक बदलल्यावर ते बंद झालं. त्या काळात इशारा आला म्हणून अँटीव्हायरस बंद करणाऱ्यांच्या ब्राउझरचं काय झालं असेल त्याचा विचार करा.

मॅकवर टूल निवडायचा प्रश्न जवळपास नाहीच, डीएमजी, म्हणजे मॅकवर डिस्कसारखी उघडणारी फाइल, बनवा, आत ॲप आणि ॲप्लिकेशन्स फोल्डरचा शॉर्टकट, झालं. दुखणं वेगळं आहे. ॲपलच्या डेव्हलपर प्रोग्रामची फी वर्षाला ९९ डॉलर, ती भरून सही करायची, मग ॲप ॲपलकडे पाठवून नोटराइझ, म्हणजे तपासून मंजूर, करून घ्यायचं. २०१९ च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून याशिवाय गेम उघडताना अडवला जातो. आधी राइट क्लिक करून ओपन म्हटलं की चालायचं, २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीने तीही वाट बंद केली, आता सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या पानावर जाऊन परवानगी द्यावी लागते. नव्या ॲपल चिपच्या मॅकवर सही बिघडलेली असली की ते सांगतं, ॲप खराब झालंय, ट्रॅशमध्ये टाका. खराब काही झालेलं नसतं. आम्हाला एकाने वैतागून लिहिलं होतं की तुमची फाइल पाच वेळा डाउनलोड केली, पाचही वेळा खराब. काय उत्तर देणार, वर्गणी काढली आणि फी भरली.

लिनक्सवर मात्र गाडी प्रत्येक गावाला थांबते. गेमचे इन्स्टॉलर तिथे जुने आहेत, लोकी नावाच्या कंपनीने १९९८ ते २००२ या काळात मोठे गेम लिनक्सवर आणले, त्यांनी स्वतःचा इन्स्टॉलर लिहिला होता, पुढे तिथेच काम केलेल्या रायन गॉर्डन यांनी मोजोसेटअप लिहिलं. आज नवीन गेमला मी ते सांगणार नाही. डिस्ट्रोच्या, म्हणजे डेबियन-उबुंटूसारख्या लिनक्सच्या एकेका प्रकाराच्या, भांडारात गेम गेला तर उत्तम, एका कमांडमध्ये येतो आणि एका कमांडमध्ये जातो, पण डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षं तेच व्हर्जन धरून बसतं आणि नेटवर्कवर खेळायला दोघांकडे एकच व्हर्जन लागतं. डेबियनवाला आणि विंडोजवाला एकत्र खेळायला बसले की पहिली वीस मिनिटं व्हर्जन जुळवण्यात जातात आणि मग कुणाला तरी जेवायला बोलावतात.

म्हणून आम्ही दोन गोष्टी देतो. एक ॲपइमेज, एकच फाइल, परवानगी द्या आणि चालवा. पण ती बनवायची जुन्या डिस्ट्रोवर, नव्या मशीनवर बनवली तर जुन्यावर चालवताना जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीचं अमुक व्हर्जन सापडलं नाही म्हणून ओरडते, उलटं होत नाही. शिवाय बऱ्याच ॲपइमेजना फ्यूज २ ची लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ पासून ती आधीपासून टाकलेली नसते, तेवढी एक सूचना पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीय, तरी आठवड्याला एक मेल येतोच. दुसरं फ्लॅटपॅक, वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणारं पॅकेज, फ्लॅटहब या त्याच्या ॲप स्टोअरवरून. सुरुवातीला त्याचं मॅनिफेस्ट, म्हणजे पॅकेज बनवायची कृती, लिहिताना रडवलं, कॉन्ट्रोलरची परवानगी द्यायची राहिली होती तेव्हा लोकांची जॉयस्टिक दिसेना, पण आता अपडेट आपोआप पोचतात. आणि माझ्या कसोटीला ते सगळ्यात चांगलं उतरलं. गेम काढला तरी खेळणाऱ्याचे सेव्ह त्याच्या होम फोल्डरमध्ये राहतात, डिलीट डेटा असं मुद्दाम वेगळं सांगितलं तरच जातात. इतकं साधं आहे, आणि मला हे शिकायला दुसऱ्याचा डी ड्राइव्ह लागला.

संपादक महोदय, पहिलं वाक्य राहू दे, त्याने कुणाचं नुकसान नाही. पण अँटीव्हायरस बंद करा हे तेवढं पुढच्या अंकात दुरुस्त करा ही विनंती, चार ओळींची जागा पुरेल. आमच्या त्या टेस्टरने गेम सोडला नाही बरं का. फक्त आता नवा बिल्ड पाठवला की तो आधी त्याच फोल्डरमध्ये चार खोट्या फाइली ठेवतो, आमचा गेम त्यांच्या शेजारी टाकतो, न खेळताच काढतो, आणि मला फोटो पाठवतो. चारही फाइली दिसल्या की मग रिलीज.

आपला,
एक नियमित वाचक